पळ म्हटलं की पळायचं नसतं

सॉफ्टबॉलविषयी आपल्याकडे दोन मतं पक्की आहेत. हा क्रिकेटचा मऊ, पोरीबाळींसाठी काढलेला अवतार आहे, हे पहिलं. आणि याचे नियम कुणालाच कळत नाहीत, अंपायरलाही नाहीत, हे दुसरं. पहिलं मत फार टिकत नाही. बारा इंच घेराचा तो चेंडू ग्लोव्ह चुकवून एकदा मनगटावर बसला की मऊपणाचा विषय कुणी पुन्हा काढत नाही. दुसरं मत मात्र पिढ्यानपिढ्या तग धरून आहे आणि त्याचे सर्वांत निष्ठावान प्रचारक खुद्द खेळाडू आहेत. माझं म्हणणं असं, की सॉफ्टबॉलचे पळण्याचे आणि धावा मोजण्याचे नियम अवघड नाहीत. आपण त्यांना चुकीचा प्रश्न विचारतो आणि उत्तर लागलं नाही की नियमपुस्तकाला दोष देतो. क्रिकेटवर पोसलेला माणूस पळणाऱ्याकडे बघून एकच विचारतो, ‘पोचला का?’ सॉफ्टबॉलमध्ये त्याच्या आधी दुसराच प्रश्न असतो, ‘त्याला पळणं भाग होतं का?’ हा प्रश्न आधी विचारला तर निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. उरलेली होतात, पण ती तशी कुठल्याही खेळात होतातच.

उदाहरणासाठी आपण सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, गाव खापर. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावावरून पुढे गुजरातच्या हद्दीकडे जातो. बाजारात माणूस एका वाक्यात मराठी, गुजराती आणि भिली बोलून मोकळा होतो. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आहे आणि खानदेशात जळगाव हे या खेळाचं नावाजलेलं ठाणं आहे, तेव्हा तो खापरपर्यंत पोचणं काही अशक्य नाही. समजा, शाळेच्या मैदानावर फक्की मारून डायमंड आखला आहे. साठ-साठ फुटांवर बेस आहेत. बेस म्हणजे नियमाप्रमाणे पांढरी गादी, प्रत्यक्षात माती भरलेलं पोतं. बॅटला आपल्या शाळांत स्लगर म्हणतात. दोघी आउट आहेत, एक पोरगी तिसऱ्या बेसवर, एक पहिल्यावर. बॅटर जमिनीलगत फटका मारते, चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे, जातो. कुंपणावर बसलेलं अर्धं गाव ‘पळ, पळ!’ म्हणून ओरडतं. तिसऱ्यावरची पोरगी जिवाच्या आकांताने पळते, गुडघा सोलून घसरते, होम प्लेटला, म्हणजे धाव पुरी होते त्या ‘घरा’ला, हात लावते. त्यानंतर, म्हणजे सगळ्यांनी टाळ्या वाजवून झाल्यावर, शॉर्टस्टॉप चेंडू दुसऱ्या बेसवर देते. पहिल्यावरून निघालेली पोरगी अजून तिथे पोचलेली नसते. तिसरी आउट. डाव संपला. आणि स्कोअरर धाव लिहीत नाही.

इथे मैदानात गर्दी उतरते. पोरगी आधी पोचली, आउट नंतर झालं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गुडघ्यावर पुरावा असतो. पोरीचे काका स्कोअररच्या टेबलाशी येऊन, ‘सर, तुम्ही शिकलेले आहात,’ अशी सुरुवात करतात. आपल्याकडे ही भांडणाची सर्वांत गंभीर सुरुवात समजली जाते. तरीही स्कोअरर बरोबर असतो. कारण पहिल्या बेसवरच्या पोरीला पळणं भागच होतं. बॅटरने फटका मारला की ती स्वतःच रनर होते आणि पहिला बेस तिचा होतो. मग तिथे आधी बसलेलीला उठावंच लागतं. एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरतो आणि नंतर येणारा कितीही म्हातारा असला तरी रुमालाचा मान ठेवतो. सॉफ्टबॉलमध्ये नेमकं उलट आहे. मागून येणाऱ्याचा हक्क पक्का, रुमालवाल्याने पुढची सीट बघायची. ही सक्ती ज्याच्यावर आहे तो पुढच्या बेसवर पोचण्याआधीच चेंडू तिथे पोचला, तर त्याला हात लावायचीही गरज नाही. नुसता बेसला पाय लावला की फोर्स आउट. आणि डावातला तिसरा आउट फोर्स आउट असला, किंवा बॅटरच पहिल्या बेसला पोचायच्या आधी बाद झाली, तर त्या फटक्यावर कुणीही कितीही आधी घरी पोचलं असलं तरी धाव नाही. फटका पुरा व्हायचा तर ज्यांना जाणं भाग होतं त्यांनी आधी आपापल्या नव्या जागी पोचलं पाहिजे. ते पोचले नाहीत म्हणजे तो फटकाच नापास. नापास फटक्याची कमाई कुणाच्या खात्यावर जमा करणार?

आता दुसऱ्या डावात बघा. एकच आउट आहे, पोरी त्याच जागी. या वेळी चेंडू उंच उडतो आणि सेंटर फील्डर तो झेलते. बॅटर बाद, म्हणजे दोन आउट. तिसऱ्यावरची पोरगी शहाणी. झेल होईपर्यंत बेसवर पाय रोवून उभी राहते आणि झेल झाला की पळते. पहिल्यावरची मात्र गावाचं ऐकून आधीच निम्म्या वाटेवर गेलेली असते. चेंडू पहिल्या बेसवर येतो, ती परत पोचलेली नसते, तिसरी आउट. दिसायला सगळं तस्संच आहे. चेंडू बेसवर आला, बेसला पाय लागला, कुणाला हात लावला नाही. त्यामुळे मघाचे काका, जे आता एका डावापुरते तज्ज्ञ झालेले असतात, दुसऱ्या बाजूला सांगायला जातात की फोर्स आउट आहे, धाव मिळणार नाही. पण मिळते! तिसऱ्यावरचीने तिसऱ्या आउटच्या आधी होमला पाय लावला असेल तर धाव मोजली जाते. कारण बॅटर झेलबाद झाली त्याच क्षणी कुणावरची सक्ती उरली नाही. पहिल्यावरची पोरगी तिच्या उतावळेपणाने बाद झाली, बळजबरीने नव्हे. जिथे बळजबरी नाही तिथे घड्याळ बघायचं, आधी धाव की आधी आउट. आणि जिथे बळजबरी आहे तिथे घड्याळ खिशात ठेवायचं.

सक्ती अशी मध्येच संपते, ही गोष्ट चांगल्या चांगल्या संघांना नडते. पहिल्या बेसवर रनर असताना चेंडू फर्स्ट बेसमनकडे आला. त्याने आधी आपल्याच बेसला पाय लावून बॅटरला बाद केलं आणि मग मोठ्या दिमाखात चेंडू दुसऱ्या बेसवर दिला. तिथला फील्डर बेसवर पाय ठेवून विजयी मुद्रेने उभा. रनर येतो, शांतपणे बेसवर उभा राहतो, आणि अंपायर ‘सेफ’ म्हणतो. मागून ढकलणाराच बाद झाल्यावर पुढच्याला पुढे जाण्याची सक्ती कसली? त्याला आता चेंडू असलेल्या हाताने शिवायला हवं होतं. याच दोन हालचाली उलट्या क्रमाने केल्या असत्या, आधी दुसरा बेस आणि मग पहिला, तर दोघेही बाद होते. त्याला डबल प्ले म्हणतात. मैदानावर हा फरक एका श्वासाचा असतो, पण त्यावरचा वाद सामना संपून माणसं जेवायला बसली तरी चालू असतो.

हे सगळं नवख्यांचं झालं, मुरलेल्यांना असले प्रश्न पडत नसतील, असं कुणी म्हणेल. त्याच्यासाठी २३ सप्टेंबर १९०८ ही तारीख आहे. सॉफ्टबॉलने हा नियम ज्याच्याकडून घेतला त्या बेसबॉलमधली ही गोष्ट. न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज, शेवटचा डाव, बरोबरी, दोन आउट, एक रनर तिसऱ्यावर, एक पहिल्यावर. आपल्या खापरच्या मैदानावरची पहिली परिस्थिती, फक्त प्रेक्षक जास्त. बॅटरने चेंडू थेट सेंटर फील्डमध्ये मारला, तिसऱ्यावरचा घरी आला, जायंट्स जिंकले, लोक मैदानात घुसले. पहिल्यावरचा रनर होता फ्रेड मर्कल, वय १९. त्याने ही गर्दी बघितली आणि दुसऱ्या बेसला पाय न लावताच कपडे बदलायच्या खोलीचा रस्ता धरला. त्या काळी सगळेच असं करत. शिकागोचा जॉनी एव्हर्स मात्र नियमपुस्तक वाचलेला माणूस होता. त्याने आरडाओरडा करून चेंडू मागवला आणि दुसऱ्या बेसवर उभा राहिला. तो चेंडू तोच होता की दुसराच कुठला, यावर अमेरिकेत अजून वाद आहे. अंपायरने मर्कलला फोर्स आउट दिलं, धाव रद्द झाली, सामना बरोबरीत सुटला. मोसमाच्या शेवटी दोन्ही संघ समसमान आले, ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळवावा लागला आणि शिकागोने तो ४-२ असा जिंकला. मर्कल पुढे कितीतरी वर्षं खेळला, चांगला खेळला, पण नाव घेतलं की लोकांना त्याने न गाठलेला तेवढा एक बेस आठवायचा. यातली खरी गंमत अशी की तीनच आठवड्यांपूर्वी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने हाच दावा याच अंपायरपुढे केला होता आणि तेव्हा तो फेटाळला गेला होता. म्हणजे नियम पुस्तकात होता, पण रिवाजात नव्हता. एव्हर्सने तो रिवाजात आणला, मर्कलच्या खर्चाने.

मुळातच हा प्रकार आपल्या मातीतला नाही, आपल्या डोक्यात बसायचा नाही, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मला तो सर्वांत कच्चा वाटतो. कबड्डीतली लॉबी घ्या. मैदानाच्या दोन्ही कडांना जो पट्टा असतो तो झटापट सुरू होईपर्यंत मैदानाबाहेर समजतात, तिथे पाय पडला की बाद. पण चढाई करणाऱ्याने कुणाला शिवलं की तोच पट्टा त्याच क्षणी मैदानाचा भाग होतो. जमीन तीच, फक्की तीच, नुसत्या एका स्पर्शाने कायदा बदलतो. बोनस रेषेचं तेच. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तर ती रेषा ओलांडण्याला गुण, पाच असतील तर ती नुसती रेषा. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही, आणि खो द्यायचा तो पाठीमागूनच. हे नियम खापरातला सातवीतला पोरगा शेजारच्या गावच्या संघाला बोट नाचवत समजावतो, तेही तीन भाषांत. याच पोराला फोर्स आउट समजणार नाही म्हणणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याच्या पालकांच्या बुद्धीविषयी तर मी शंकाच घेत नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांना या जगात काही अवघड नाही. कोणत्या पातळीवर खेळलं तर किती गुण, नुसता सहभाग चालतो की जिंकावं लागतं, प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून मंडळाकडे कोणत्या तारखेच्या आत गेला पाहिजे, हे ज्या माउलीला झोपेतही सांगता येतं, ती ‘आम्हाला बाई त्या इनफिल्ड फ्लायमधलं काही कळत नाही’ म्हणते तेव्हा तिने प्रयत्न केलेला नसतो, एवढंच.

आता तो इनफिल्ड फ्लाय निघालाच आहे तर त्याचं सांगून टाकू, कारण नियम कुठून येतात हे त्यातून दिसतं. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, आणि दोनपेक्षा कमी आउट आहेत. अशा वेळी आतल्या भागात उंच, सहज झेलण्याजोगा चेंडू उडाला की अंपायर तो हवेत असतानाच बॅटरला बाद देतो. मग तो झेलला काय नि सुटला काय. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा निव्वळ अन्याय वाटतो. झेल घेण्याआधीच झेलबाद! पण हा नियम नसता तर काय होतं ते बघा. फील्डर चेंडूखाली उभा आहे. रनर बिचारे बेसला चिकटून, कारण झेल झाला तर परतावं लागेल. फील्डर धूर्त. तो झेल मुद्दाम सोडतो. आता झेल नाही म्हणजे बॅटर रनर झाला, म्हणजे सगळ्यांना पळणं भाग, आणि सगळे तर बेसवरच उभे. फील्डर चेंडू उचलून आरामात दोघांना बाद करतो. साध्या मराठीत याला रडीचा डाव म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेसबॉलवाल्यांनी तो डाव या नियमाने बंद केला. फील्डरला झेल सोडून काही मिळेनासं झालं आणि रनरवरची सक्ती गेली. मजा अशी की आजही तो चेंडू जमिनीवर पडला की कुंपणावरून ‘पळ!’ होतंच, कुणीतरी पळतंच, आणि ज्या नियमाने त्याला घरबसल्या संरक्षण दिलं होतं त्याच नियमाच्या सावलीतून उठून तो पायांनी चालत जाऊन बाद होतो. चेंडू जिवंत असतो, पळायला बंदी नसते. कायदा संरक्षण देतो, अक्कल देत नाही.

सॉफ्टबॉलचं नियमपुस्तक उघडून बघितलं तर असं दिसतं, की विचित्र वाटणाऱ्या बहुतेक कलमांच्या मागे कुणीतरी चलाख माणूस उभा आहे. १९११ साली वॉशिंग्टनच्या बेसबॉल संघातल्या जर्मनी शेफर नावाच्या खेळाडूने पहिल्यावरून दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका नसतानाच पळून गाठला. कॅचरने त्याला बाद करायला चेंडू टाकावा आणि तेवढ्यात तिसऱ्यावरचा भिडू घरी जावा, असा बेत होता. कॅचर हुशार निघाला, त्याने चेंडू टाकलाच नाही. तेव्हा शेफर पुढच्या चेंडूवर दुसऱ्यावरून पळत पळत परत पहिल्या बेसवर आला, पुन्हा नव्याने चोरी करायला! चोरलेला माल परत ठेवून पुन्हा चोरण्याचं असं दुसरं उदाहरण फौजदारी इतिहासातही सापडणार नाही. आज प्रतिपक्षाला गोंधळात टाकण्यासाठी किंवा खेळाची टर उडवण्यासाठी बेस उलटे पळणारा बाद होतो. सॉफ्टबॉलने तर आणखी एक पाऊल पुढे टाकलं आहे. बेसबॉलमध्ये रनर बेस सोडून चार पावलं पुढे सरकून उभा राहू शकतो, इथे पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडलाच तर सरळ आउट. अंतर बेसबॉलमध्ये नव्वद फूट, इथे साठ. एवढ्याशा वाटेवर चार पावलांची सूट दिली तर चोरी कसली, दरोडाच पडेल.

अंपायरच्या मौनावर मात्र लोक उखडतात आणि त्यांचा राग मला समजतो. रनर पळता पळता बेसला पाय लावायला चुकला. अंपायरने ते डोळ्यांनी पाहिलं. आणि तो काही बोलत नाही! चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. प्रतिपक्षाने दाद मागितली, तीही पुढचा चेंडू टाकण्याआधी, तरच तो आउट देतो, नाहीतर ती चूक झालीच नाही असं समजून खेळ पुढे जातो. चुकीच्या क्रमाने बॅटिंगला आलेल्याचंही तेच. समोर गैर घडत असताना अधिकारी गप्प बसतो, हे आपल्याला नवं नाही, पण खेळात तरी तसं नसावं अशी आपली भाबडी अपेक्षा असते. क्रिकेटमध्ये धाव अपुरी राहिली तर अंपायर आपणहून खांद्याला बोटं लावून ‘शॉर्ट रन’ सांगतो, मग इथे काय झालं? तर याच क्रिकेटमध्ये दाद मागितल्याशिवाय अंपायर फलंदाजाला बादही देत नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. मौनामागचं कारण सरळ आहे. बेस चुकलेला रनर पुढे निघून गेलेला असतो आणि चूक त्याच्या लक्षात आली तर परत येऊन ती दुरुस्त करण्याची मुभा त्याला काही काळ असते. अंपायरने तिथेच बोंब मारली तर तो एका बाजूचा मुकादम झाला. लक्ष ठेवणं हे खेळणाऱ्यांचं काम आहे. एव्हर्सने ते ठेवलं आणि अजिंक्यपद नेलं. तरीही मला हा नियम पूर्ण पटतो असं नाही. शाळकरी पोरांच्या सामन्यात, जिथे निम्म्या मुलांना दाद मागता येते हेच ठाऊक नसतं, तिथे तो ज्याचा कोच वयाने मोठा आणि घशाने मजबूत त्याच्या बाजूला झुकतो. पण यावर उपाय अंपायरला बोलकं करणं हा नाही. पोरांना नियम शिकवणं हा आहे.

धावफलकाच्या वहीत तर भावनांना थाराच नाही. पहिल्या बेसवर रनर असताना तुम्ही खणखणीत फटका मारलात, पहिल्या बेसवर सुखरूप पोचलात, पण तुमच्या पुढचा रनर दुसऱ्या बेसवर फोर्स आउट झाला. तुमच्या नावावर हिट? नाही. वहीत ‘फील्डर्स चॉइस’ लिहिलं जातं, म्हणजे फील्डरने मनात आणलं असतं तर तुम्हालाच बाद करता आलं असतं, त्याने कृपा केली. उलट झेलबाद होऊनही तिसऱ्यावरचा माणूस तुमच्या उंच फटक्यावर घरी आला, तर तो त्याग समजला जातो आणि तुमच्या सरासरीला धक्का लागत नाही. पोचलेल्याला दंड आणि बाद झालेल्याला मान, यात न्याय कुठला, असं विचारणाऱ्याने तोच मूळ प्रश्न पुन्हा विचारावा. पोचलात खरे, पण कुणाच्या जिवावर? पुढच्याला तुमच्यामुळे उठावं लागलं आणि तो मेला. संघाच्या खात्यात एक आउट वाढला, एक बेस जिथल्या तिथे राहिला. वहीने खरं तेच लिहिलं. बेसबॉलमधल्या या हिशेबाची पद्धत घडवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा माणूस होता, हे क्रिकेटवाल्यांनी लक्षात ठेवावं. तक्रार करायचीच तर घरातल्या माणसाविरुद्ध करावी लागेल.

शेवटचा आक्षेप समजूतदार माणसांचा असतो. ‘आपण कुठे ऑलिंपिक खेळतोय? गंमत म्हणून खेळायचं, नियम कशाला हवेत?’ ऐकायला गोड आहे, पण पुरावा अगदी विरुद्ध आहे. जितकी गंमत जास्त तितके नियम जास्त, हे गल्ली क्रिकेटने कधीच सिद्ध केलं आहे. एक टप्पा एक हात आउट, भिंतीला लागून झेल नाही, काचेला लागला तर आउट आणि बॉल आणायचा त्यानेच, पहिला बॉल ट्राय, शेवटचा गडी एकटा खेळणार. ही कलमं लॉर्ड्सच्या पुस्तकात नाहीत, पण त्यावर आपल्याकडे मैत्र्या तुटल्या आहेत. अमेरिकेत रविवारी पोटं सुटलेली माणसं संथ चेंडूचं सॉफ्टबॉल खेळतात, त्यांनीही नियम कमी केलेले नाहीत, वाढवलेच आहेत. होम रन किती मारायचे याला मर्यादा, धापा टाकणाऱ्याच्या बदली दुसऱ्याने पळण्याची सवलत, टक्कर होऊ नये म्हणून पहिल्या बेसला शेजारी नारिंगी रंगाचा आणखी एक बेस. पांढरा फील्डरचा, नारिंगी पळणाऱ्याचा. फार मागे पडलेल्या संघाची अब्रू वाचवायला तर आंतरराष्ट्रीय नियमांतच सोय आहे, पाच डावांनंतर सात धावांचा फरक असला की सामना तिथेच संपवतात. हा मला नियमपुस्तकातला सर्वांत दयाळू नियम वाटतो. मुळात १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात, घरात बसून कंटाळलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने आवळून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो मारला, तेव्हा हा खेळ जन्माला आला. याहून गमतीचा जन्म कुठल्या खेळाचा नसेल, आणि त्या पहिल्या दिवशीही कुणीतरी धावा मोजत होतंच. ४१-४० असा निकाल लागला म्हणतात. एका धावेने हरलेली बाजू त्या रात्री गंमत म्हणून सोडून देऊन झोपली असेल, हे मी मानायला तयार नाही.

नियम न पाळता नुसत्या उत्साहाने पळालं की काय होतं हे बघायचं असेल तर १५ ऑगस्ट १९२६ ला ब्रुकलिनमध्ये बेसबॉलच्या सामन्यात काय झालं ते वाचावं. बेस भरलेले, एक आउट, बेब हर्मनने लांब फटका मारला. एक धाव आरामात झाली. पुढचा रनर तिसऱ्या बेसच्या पुढे जाऊन बिचकला आणि परत फिरला, त्याच्या मागचा तिसऱ्यावर येऊन थडकला, आणि मान खाली घालून सुसाट पळणारा हर्मनही घसरत घसरत तिथेच पोचला. तीन प्रौढ माणसं एका बेसवर. नियमाने बेस सर्वांत पुढच्याचा, कारण त्याला तिथून हलणं भाग नव्हतं. बाकीचे दोघे बाद. व्यावसायिक खेळाडू होते, पगार घेत होते, आणि त्यांनाही कुणीतरी कुंपणावरून ‘पळ!’ म्हणालंच असणार.

तेव्हा खापरात असा, अक्कलकुव्यात असा की जळगावात, शाळेच्या मैदानावर फक्कीचा डायमंड आखलेला दिसला तर जरूर थांबा, टाळ्या वाजवा, ओरडासुद्धा. फक्त चेंडू हवेत असताना ‘पळ’ म्हणू नका, आणि जमिनीवर असताना म्हणायच्या आधी दोन गोष्टी बघा, आउट किती आणि पहिल्या बेसवर कोण. स्कोअररच्या टेबलाशी जायचंच झालं तर पाणी घेऊन जा. सकाळपासून तो बिचारा एकटाच बसलेला असतो.